वजन त्याचं, पाय त्याचे

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असं आपण मुलांना शिकवतो आणि तिथंच थांबतो. तालमीत ही म्हण रोज सकाळी तपासली जाते. साठ किलोच्या पोरासमोर शंभर-एकशेदहा किलोचा गडी उभा केला की युक्ती कुठवर पुरते आणि शक्ती कुठून सुरू होते, ते दोन-तीन मिनिटांत कळतं. कोल्हापुरातल्या एका तालमीत मी कॉलेजची वर्षं काढली. वजन साठीच्या आतबाहेर, उंची बेताची. नामांकित पैलवान होण्याचं अंग नव्हतं आणि तसा हट्टही नव्हता. कुस्तीची ओढ होती, एवढंच. त्यामुळं सरावाला वाट्याला येणारे जोड बहुतेक माझ्याहून थोराड असायचे. मोठ्या गड्याशी कसं खेळावं याबद्दल माझं जे मत आहे ते त्या मातीतलं आहे, आणि त्यातली पहिली गोष्ट ही की वजन खरं असतं. डाव कितीही येत असोत, छातीवर शंभर किलो आले की बरगड्यांना ते शंभरच वाटतात. हे मान्य केल्याशिवाय पुढचं काहीच नीट शिकता येत नाही.

पण वजन हे त्या गड्याचं भांडवल आहे तसंच त्याच्यावरचं ओझंही आहे. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदावर, म्हणजे क्षेत्रफळावर अवलंबून असते. वजन मात्र घनफळाबरोबर वाढतं. माणूस आकारानं वाढत गेला की ताकद वाढते, पण वजन तिच्या पुढं पळतं. वेटलिफ्टिंगमध्ये हे आकड्यांत दिसतं. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 60 किलो गटात नईम सुलेमानोग्लूनं क्लीन अँड जर्कमध्ये (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) 190 किलो उचलले, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं 2021 मध्ये त्याच प्रकारात 267 किलोंचा विश्वविक्रम केला, पण त्याचं स्वतःचं वजन पावणेदोनशे किलोंच्या आसपास. म्हणजे जेमतेम दीडपट. 267 हे 190 पेक्षा पुष्कळ जास्त आहेत, यात वाद नाही. मोठा माणूस तुम्हाला उचलून टाकू शकतो. पण त्याच्या ताकदीतला मोठा हिस्सा स्वतःलाच उभं ठेवण्यात, वळवण्यात, परत सावरण्यात खर्च होतो. लहान गड्याला जी काही संधी आहे ती त्या खर्चात आहे.

आमच्या वस्तादांना हे गणित मांडायची गरज नव्हती. ते हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कट्ट्यावर बसायचे आणि एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत बोलायचे: "त्येचं वजन त्येच्या पायावर ऱ्हाऊ दे की. तू कशाला घेतोयस अंगावर?"

हे वाक्य मला कळलं ते मानेवरच्या हातामुळं. खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या उभ्यानं होणाऱ्या झटापटीत, मोठा गडी पहिल्यांदा काय करतो, तर तुमच्या मानेवर पंजा टाकतो. त्यात मारल्यासारखं किंवा ओढल्यासारखं काही नसतं, म्हणून सुरुवातीला त्याचं काही वाटतही नाही. मग तो किंचित पुढं झुकतो. त्याचा हात, त्यामागचा खांदा, त्यामागची छाती, सगळं हळूहळू मानेवाटे खाली उतरतं आणि आपल्या मांड्यांत येऊन बसतं. भिजलेलं पोतं खांद्यावर घेऊन उभं राहावं तसं होतं. मिनिटभरात पोटऱ्या थरथरायला लागतात, आणि तो मात्र निवांत श्वास घेत असतो, कारण त्याला उभं आपण धरलेलं असतं. हुशार मोठे पैलवान ढकलत नाहीत, रेलतात. गर्दनखेच म्हणून जे बाहेरून दोन रेड्यांची टक्कर वाटतं, त्यात आत बराच वेळ हेच चाललेलं असतं: कोण कुणाच्या पायांवर उभा आहे.

यावर नवखा माणूस सरळ मागं सरतो. त्यानं काही साधत नाही. मोठा गडी मागोमाग येतो आणि वजन जास्तच जोरात येतं. दुसरा उलटा रेटा देतो, आणि रेट्याला रेटा हा तर मोठ्या गड्याच्या आवडीचा खेळ. आम्हाला शिकवलं होतं ते असं: मान ताठ, नजर वर, कपाळ त्याच्या कानशिलाला भिडवायचं म्हणजे त्याला डोकं खाली दाबता येत नाही. मग त्याच्या त्या हाताच्या कोपराखाली आपला हात घालून कोपर वर उडवायचं आणि त्याच क्षणी त्या हाताच्या बाहेरच्या अंगाला पाऊल टाकायचं. मागं नाही, बाजूला. टेकू एकदम निघाला की त्याचं पुढं झुकलेलं अंग कुठं तरी उतरणारच. ते त्याच्या पुढच्या पायावर उतरतं. आणि ज्या पायावर वजन असतं तो पाय पटकन मागं घेता येत नाही. आपल्याला हवा असतो तोच पाय.

एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एकच पाय धरून त्याला पाडणं, मला सगळ्यात जवळचा डाव वाटतो तो यासाठी. मोठ्या गड्याच्या दोन्ही पायांत सरळ घुसणं, म्हणजे दुहेरी पट, हलक्या माणसाला फार महागात पडतं. तो दोन्ही पाय मागं टाकून छातीनं मानेवर पडला की आपण खाली आणि तो वर, कुस्ती तिथंच फिरली. एका पायाचं तसं नाही. बाजूनं शिरायचं, गुडघ्यामागं दोन्ही हात, आपली छाती त्याच्या मांडीला घट्ट, डोकं आतल्या बाजूनं त्याच्या बरगडीत रुतवलेलं. पाय हातात आला की सगळी पोरं तो उचलायला जातात. शंभर किलोच्या माणसाचा पाय उचलण्यात आपलीच कंबर जाते. न उचलता वळायचं, त्याच्या पाठीकडं, गोल, न थांबता. तो दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागतो. एका पायावर उड्या मारणाऱ्या भारी माणसाची प्रत्येक उडी त्याला महाग पडते. दोन-तीन उड्यांनंतर तो बसतो किंवा हात टेकतो. पट काढला आणि तिथंच गुडघ्यावर थांबला तो मात्र संपला. हौद्यात मी ज्या हलक्या पोरांना हरताना पाहिलं, त्यांतली बरीच पायात घुसता न आल्यामुळं नव्हे, पाय धरून थांबल्यामुळं हरली.

गामा पैलवानाची लंडनमधली कुस्ती मला या संदर्भात नेहमी आठवते. 10 सप्टेंबर 1910. समोर पोलंडचा स्तानिस्लाउस झिबिस्को, गामापेक्षा अंगानं बराच भारी. गामानं सुरुवातीलाच त्याला खाली आणलं, आणि झिबिस्को जो पोटावर पसरला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली आणि शेवटी बरोबरीत सोडवावी लागली. आपल्याकडं ही गोष्ट गोऱ्या पैलवानाच्या भित्रेपणाची म्हणून सांगतात. आठवड्यानं पुन्हा कुस्ती ठरली तेव्हा तो आलाच नाही आणि गामाला विजयी घोषित केलं, त्यामुळं तसं सांगणं सोपंही जातं. मला त्यात दुसरंच दिसतं. जगातला सर्वोत्तम मल्लही जमिनीवर पसरलेलं तेवढं वजन अडीच तास उलटवू शकला नाही. वजन मातीला टेकलं की माती ते पेलते. पैलवानाला त्याचा काहीच खर्च पडत नाही. 1928 मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामानं मिनिटभराच्या आत निकाल लावला. भारी माणसाला हरवायचं तर तो स्वतःच्या पायांवर उभा आहे तोवरच, हे इतकं स्वच्छ दाखवणाऱ्या दुसऱ्या दोन कुस्त्या मला माहीत नाहीत.

ढाकेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कोल्हापुरात लहान चणीच्या पैलवानाचा विषय निघाला की खाशाबा जाधवांचं नाव येतंच आणि ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. कराड तालुक्यातलं गोळेश्वर त्यांचं गाव. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्यांची किरकोळ शरीरयष्टी बघून त्यांना कुस्तीत उतरवायला आधी नकार मिळाला, मग प्राचार्यांनी परवानगी दिली आणि त्यांनी थोराड गड्यांना चितपट केलं, ही गोष्ट आमच्या तालमीत प्रत्येक बारक्या पोराला सांगितली जायची. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला 57 किलोंच्या गटात त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथं समोर आपल्याच वजनाचे गडी होते. इथल्या तालमीत आणि जत्रेत तशी सोय कुठली? गावच्या मैदानात वजनकाटा नसायचा. दोन्हीकडचे वस्ताद नजरेनं जोड लावायचे, आणि नजरेला दहा-पंधरा किलो इकडचे तिकडे चालायचे.

समोरच्याची मान किंवा हात काखेत पक्का धरायचा, त्याच्याकडं पाठ वळवून कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि त्याला पुढच्या पुढं आपल्या कमरेवरून जाऊ द्यायचं, अशी ही ढाक. बुटक्या माणसाची कंबर मुळात खाली असते, हा इथं फायदा. पण तो पुढं रेटत येत असला तरच. तो सावध उभा असताना, अंग मागं ठेवून असताना ढाक मारायला जाणं म्हणजे आपण होऊन त्याला पाठ देणं. मग तो ताबा घेतो आणि वर बसतो. म्हणून हलक्या गड्यानं ढाकेआधी त्याला रेटायची सवय लावायची. एकदा पट दाखवायचा, तो वाकतो. दुसऱ्यांदा दाखवायचा, तो आधीच वाकतो. तिसऱ्यांदा तो चिडून पुढं येतो. आमच्या तालमीत एक जण होता, त्याची ढाक बघायला बाकीचे आपापले जोर थांबवायचे. तो ढाक मारायच्या आधी मिनिटभर नुसता त्रास द्यायचा. मनगट धरून सोडायचा, पायाला हात लावून पळायचा. बघणाऱ्याला वाटायचं हा घाबरलाय.

आणि तरीही कधी ना कधी तुम्ही खाली जाताच. सराव असला तर हमखास. खाली गेल्यावर काय, यावर मात्र फार कमी बोललं जातं, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. मातीत निकाल चितपटीचा असल्यानं खालच्याला निदान वेळ मिळतो. मोठा गडी वरून उलटवायचे डाव खेळतो: सवारी भरतो, घिस्सा मारतो, लंगोटाला धरून उचलतो. खालच्यानं कोपरं बरगडीला चिकटवायची, त्याचं एक मनगट धरून ठेवायचं आणि पूर्ण सपाट न होता एका कुशीचा कोन ठेवायचा. तेवढा कोन असला की त्याची छाती आपल्या पाठीवरून जराशी घसरत राहते, बसत नाही. सगळ्यात अवघड गोष्ट श्वासाची. वजन आलं की माणूस श्वास धरतो, आणि धरलेला श्वास एकदा सुटला की पुन्हा भरायला छातीत जागाच उरत नाही. आम्हाला छोटे छोटे श्वास पोटातून घ्यायला लावायचे. मान खांद्यात, तोंडात माती, नाकात मातीत कालवलेल्या ताक-हळदीचा तो आंबूस वास, आणि कट्ट्यावरून आवाज: "श्वास घे. घाई न्हाई. त्येलाबी दम लागतोय." तो लागतच असतो. पहिल्या दोन मिनिटांत मोठ्या गड्याचा जोर भयंकर असतो. पाचव्या मिनिटाला तोच हात मानेवर ठेवताना तो विश्रांती घेत असतो. जुन्या मातीतल्या कुस्तीला घड्याळ नसायचं, त्याचा लहान गड्याला आधार होता.

मॅटवर तो आधार नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि समोरच्याला रिंगणाबाहेर काढलं तरी एक गुण. वजनगट नसते तर या एका नियमावर भारी पैलवानांनी सगळ्या कुस्त्या मारल्या असत्या. वजनगट आहेत म्हणून मॅटवरची कुस्ती न्याय्य आहे, आणि मला वजनगट हवेत. पण महाराष्ट्र केसरीचा किताबी गट आजही 86 ते 125 किलोंचा खुला असतो. म्हणजे 39 किलोंचा फरक नियमातच बसतो. नव्वद किलोंच्या पैलवानानं सव्वाशेच्या गड्यासमोर काय करायचं हा प्रश्न दरवर्षी कुणाच्या तरी समोर असतोच.

आता त्या गोष्टीकडं येतो जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. लहान गडी जिंकतो तेव्हाही वजन कुठं तरी पडतं. सुमोमध्ये माइनोउमी नावाचा मल्ल होता. शंभर किलोंच्या आतबाहेरचा, सुमोच्या मानानं पोरगाच. डावांच्या बळावर त्यानं भल्याभल्यांना पाडलं. 1996 च्या नागोया स्पर्धेत त्यानं पावणेतीनशे किलोंच्या आसपासच्या कोनिशिकीला हरवलं, पण कोनिशिकी पडला तो त्याच्या पायावर. कुस्ती जिंकली आणि गुडघा गेला. तालमीतही गुडघे असेच जातात. माझा पाय मातीत रुतलेला, वरून भारी अंग तिरकं आलं, आणि पायाला वळायला जागा नाही. म्हणून हलक्या पोराला डावांच्या आधी पडायला शिकवलं पाहिजे. कधी सोडून द्यायचं, हेही. पकड अर्धी झाली, तो पडणार हे दिसतंय, पण आपल्या अंगावर पडणार असेल तर पकड सोडायची आणि बाजूला व्हायचं. सरावात तो पडला काय, न पडला काय. गुडघा एकच असतो.

आणि मोठ्या जोडीदाराचं काय? सगळा उपदेश लहानाला केला जातो. मला सांभाळलं ते एका मोठ्या गड्यानं. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. तो शंभरीच्या बराच पुढचा. माझ्याशी खेळताना तो वरून पडायच्या आधी एक गुडघा मातीत टेकवायचा. बाहेरून कुणाला दिसायचंही नाही. त्याचं अर्धं वजन त्या गुडघ्यावर जायचं आणि मला खालून हलायला जागा मिळायची. मी निसटलो की म्हणायचा, "बारक्या, परत ये." त्याला यातून काय मिळत होतं असं मला वाटायचं. वस्तादांनी एकदा त्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ह्येच्यासंगट पायानं खेळ, पोटानं नगं." माझ्यामागं वळून वळून त्याचे पाय हलके झाले, असं तो स्वतः म्हणायचा. भारी पैलवानाला भारीच जोड मिळत राहिले तर तो रेलायला शिकतो. हलक्या गड्याबरोबर रेलता येत नाही, हलावं लागतं. त्यामुळं अशा जोडीत एकानं उपकार केले आणि दुसऱ्यानं घेतले, असं मला कधी वाटलं नाही.

एकदा बाहेरगावचा एक पाहुणा पैलवान सरावाला आला होता. त्यानं आमच्यातल्या एका पोराला उचलून नुसताच आदळला, आणि वर अंग टाकलं. पोराला तीन आठवडे मान वळवता आली नाही. वस्ताद त्या पाहुण्याला ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो असेपर्यंत त्याला फक्त दादाचाच जोड लावला. वजनातला फरक मोठा असतो तेव्हा हौदा कुणाच्या नजरेखाली आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि ती नजर नसेल तिथं पोरानं सरळ नाही म्हणावं असं मी आता प्रत्येकाला सांगतो. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. डाव शिकायला मान शाबूत लागते.

माझी भाची आता कुस्ती खेळते, 53 किलोंच्या गटात. तिच्या तालमीत मुली मोजक्या, त्यामुळं तिला सत्तर-बहात्तर किलोंच्या मुलांबरोबर सराव करावा लागतो. परवा फोनवर म्हणाली, "मामा, तो मानेवर हात ठेवून नुसता उभा राहतो. मला काहीच करता येत नाही." तिला कोपर आणि बाजूचं पाऊल सांगितलं. मग विचारलं, खाली गेल्यावर काय करता? तर म्हणाली, खाली जातच नाही. तिच्या वस्तादांनी त्या मुलाशी फक्त उभ्यानं खेळायला सांगितलंय, कुणीही गुडघ्यावर आलं की सोडायचं आणि पुन्हा सलामीपासून. खालचा सराव बरोबरीच्या वजनाच्या मुलीबरोबरच. मला हे अगदी पटलं. तिच्या निवड चाचणीत समोर 53 किलोंचीच मुलगी असणार आहे. त्या मुलाकडून तिला पाय हलते ठेवायला शिकायचंय, आणि त्यासाठी उभ्यानं घेतलेली पाच मिनिटं भरपूर झाली.